लाखाचे तीन वाटे

“आत्याबाई, लाखाचे तीन वाटे नाई होत,” शकुन म्हणाली. “एक उरते.”

पार्वताबाईंनी धाकट्या सुनेकडे असं पाहिलं, जणू ती उरलेली वात शकुननंच लपवून ठेवली होती. मोर्शीजवळच्या त्या घरात लाख वातींचा नवस बोलला गेला होता. शकुनचा नवरा सूर्यभान कापसाच्या गाड्या घेऊन खानदेशात, रेल्वेच्या टोकाला गेला होता. तो सुखरूप परत यावा म्हणून सासू आणि दोघी सुना वाती वळणार होत्या. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता, की घरात वातींपुरताही कापूस मागे ठेवायला कुणी तयार नव्हतं. जाणाऱ्या गाड्यांमधला जो वाटेवरच्या बाभळींना अडकून राही, तोच या बायका वेचून आणत.

शकुन माळ्याची लेक. तिचं लहानपण बाजारात फुलं मोजण्यात गेलेलं. तिनं थोरल्या जावेला, कौशल्याला समजावून सांगितलं: दहाचे तीन वाटे करा, एक उरते, शंभराचे करा, एक उरते, हजाराचंही तेच. लाख एवढा थोर आकडा, दोघींत वाटा, पाच जणींत वाटा, मुकाट्यानं वाटला जातो. तिघींपुढे मात्र हटून बसतो. नवसाला दुसरा आकडा मिळाला नाही का, असं कौशल्या पुटपुटली.

“चौघं असतो त बराबर वाटे पडले असते,” शकुन म्हणाली, आणि तिचं तिलाच भरून आलं.

“मंग उरली थे त्याची,” पार्वताबाई म्हणाल्या. “आला का त्याच्याच हातानं वळन.”

महिने गेले. तिघींचे वाटे पुरे झाले. एक वात तेवढी राहिली, आणि तिचं राहणंच शकुनला गोड वाटू लागलं.

मग बरोबर गेलेला नत्थुजी गाडीवान एकटाच परतला. सूर्यभान वाटेतच पटकीनं गेला होता.

पार्वताबाई रडल्या नाहीत. त्यांनी अन्न सोडलं. कुणी समजूत घालायला आलं की त्या एकच सांगत: एक वात मी अडवून ठेवली, नवस अपुरा राहिला, पोराला मीच घालवलं. शकुनचा नवरा गेला होता, पण तिला धड रडायलाही सवड मिळेना. सासू डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

सुतक फिटलं त्या दिवशी शकुन त्यांच्यापाशी जाऊन बसली. मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. उभ्या जन्मात तिची मोजणी कधी चुकली नव्हती.

“माह्याच्यानं चूक झाली, आत्याबाई,” ती म्हणाली. “मी लाभ म्हनून पुन्हा एक म्हनत होती. दर शेकड्यात एक जास्त पडली. लाख कवाचाच भरला.”

पार्वताबाईंनी वातींची टोपली जवळ ओढली.

“मंग देवाले काय कमी पडलं?”

शकुननं ताट वाढून पुढे ठेवलं. त्या दिवशी सासूनं दोन घास खाल्ले. पुरा झालेला नवस घरात ठेवू नये, म्हणून दुसऱ्या सकाळी तिघी टोपल्या घेऊन महादेवाच्या देवळात गेल्या.

वाती पेटवण्याआधी पुजाऱ्यानं विचारलं, लाख पुऱ्या आहेत ना? पार्वताबाईंनी शकुनकडे पाहिलं.

शकुननं डोक्यावरचा पदर सारखा केला. पिंडीकडे बघणं तिनं टाळलं.

“पुऱ्या हायेत,” ती म्हणाली.