वॉकरांचा ताका

"बंद कर, आधी बंद कर," मेव्हिस म्हणाली. पण तिच्या तोंडून शब्द निघण्याआधीच यंत्राच्या पोटात काहीतरी कडकन मोडलं होतं.

दाटणीच्या, म्हणजे विणलेली लोकर मळून दाट करायच्या खोलीत एकदम सामसूम झाली. छतावरून वाफेचे थेंब गळत होते, तेवढाच आवाज. मेव्हिसने झाकण उचललं, बाह्या वर सारून हात गरम साबणात घातला आणि कापडाचा ताका चाचपला. गर्द निळी लोकर, साठ वार, जाड ओव्हरकोटांसाठी विणलेली. मागावरून उतरली तेव्हा पन्हा बहात्तर इंच होता. गरम साबणपाण्यात मळून मळून तो छप्पन्नावर आणायचा होता. आत्ता तो चौसष्टावर अडकला होता.

गिरणीचा तरुण मालक एड्रियन थ्यूलिस धावत आला. जर्मनीला फोन झाला. मोडलेला भाग यायला दहा दिवस लागणार होते. खोऱ्यातल्या बाकीच्या गिरण्यांतली असली यंत्रं गेल्या दोन वर्षांत भंगारात गेलेली. आणि सोमवारी दुपारी लंडनहून पेलहॅम नावाचे शिंप्यांच्या पेढीचे गृहस्थ हाच ताका पाहायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर पाच वर्षांचं काम. नाही पडला तर ही खोली नाताळाच्या आत बंद, आणि तिच्यातली अकरा माणसं घरी. एड्रियनने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण ओव्हरडेन गावात अशी गोष्ट सांगावी लागत नाही.

तो स्टुलावर बसून राहिला. म्हणाला, धुऊन टाक मेव्हिस, मी पेलहॅमना कळवतो.

मेव्हिसने हात पुसले. ती एकसष्ट वर्षांची होती. तिच्या वडिलांचा पंजा यंत्राच्या रुळांत सापडला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि वडील बरे होईपर्यंत म्हणून तिला इथे उभी केली होती. वडील बरे झाले नाहीत. बेचाळीस वर्षं ती रोज कामावर येई, ताक्याला हात लावण्याआधी डोळे मिटून दोन शब्द देवापाशी बोले, आणि मग दिवसभर फारसं कुणाशी बोलत नसे.

"यंत्र नव्हतं तेव्हा काय करायचे रे?" तिने विचारलं.

"कधी नव्हतं?"

"माझं आडनाव पडलं तेव्हा."

एड्रियनने तिच्याकडे पाहिलं. हे त्या खोऱ्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पूर्वी कापड हौदात घालून पायांनी तुडवत. शिळी लघवी, मुलतानी माती आणि तासन्‌तास चालणं, एका जागी. लोकरीचे धागे एकमेकांत गुंतून कापड दाट होई, वारा अडवण्याइतकं. जो हे काम करी तो दिवसभर चालूनही कुठे पोचत नसे. त्यालाच उत्तरेत वॉकर, म्हणजे चालणारा, म्हणत. दक्षिणेत त्याच कामाच्या माणसाला फुलर म्हणत, पश्चिमेला टकर. पुढे पाणचक्कीचे हातोडे आले, मग यंत्रं आली, तुडवणारे गेले आणि नाव तेवढं मागे राहिलं. राहिलं ते असं, की आज साऱ्या देशात पहिल्या वीस आडनावांत त्याची गणती होते. ओव्हरडेनच्या दवाखान्यात 'मिसेस वॉकर' अशी हाक आली की तीन बायका उठतात. म्हणून गावात कुणी आडनाव घेतच नाही. मेव्हिस म्हणजे 'बिलच्या टॉमची मेव्हिस'. तिने लग्न केलं तेही एका वॉकरशीच. सासूबाई म्हणाल्या होत्या, चला, रुमालावर भरलेली नावाची अक्षरं उसवायला नकोत.

"मेव्हिस, साठ वार आहे तो," एड्रियन म्हणाला. "तू एकटी तुडवणार आहेस का?"

"एकटी कशाला? गावात काय कमी आहेत?"

आणि तुडवायचं कुठे हेही तिला ठाऊक होतं. गिरणीच्या मागे, ओढ्याच्या कडेला, तीन दगडी हौद होते. दोनशे वर्षं त्यांत कुणी कापड तुडवलं नव्हतं. मेव्हिसच्या वडिलांचा नेम होता की कामावर जाताना त्या हौदांतला पाला काढायचा, फडक्याने तळ पुसायचा, पाण्याची मोरी मोकळी करायची. का म्हणून विचारलं तर ते म्हणत, ज्यांनी आपल्याला नाव दिलं त्यांच्या घरचा उंबरा आहे तो. त्यांच्यानंतर हा नेम मेव्हिसने एक दिवसही मोडला नव्हता. बर्फात नाही, आणि नवरा गेला त्या दिवशीही नाही. गिरणीतले लोक हसत. रिकाम्या हौदांची पुजारीण, असं खाटीक स्टॅन्ली तिला तोंडावर म्हणे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तिने टेलिफोनचं पुस्तक मांडीवर घेतलं. खोऱ्यातले वॉकर पाच रकाने भरून होते. ती वरून एकेकाला फोन लावत गेली. बसचा ड्रायव्हर हो म्हणाला. शाळेची मुख्याध्यापिका म्हणाली, गुडघे दुखतात, पण येते. अग्निशमन दलातल्या क्लाइव्हला तिने पायांबरोबर त्याची लांब रबरी नळीही मागितली, बॉयलरचं गरम पाणी हौदांपर्यंत न्यायला. स्टॅन्ली म्हणाला, "अगं, माझा एक पाय इटलीत पुरलाय. चव्वेचाळीसच्या लढाईत."

"दुसरा आहे ना?"

"आहे की."

"मग तो घेऊन ये. आणि धुऊन आण."

दुसऱ्या रकान्यात एका नावाशी तिचं बोट थांबलं. ऑरेलिया वॉकर. इस्पितळातली नर्स, पन्नाशीची, जमैकाहून तरुणपणी आलेली. चॅपेलात, गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, मेव्हिसच्या दोन बाकं पुढे बसे. रात्रपाळी संपवून ती हौदांजवळच्या थांब्यावर बसमधून उतरे त्याच सुमारास मेव्हिस हौद पुसत असे. अठरा वर्षं दोघींचं बोलणं 'थंडी वाढली' आणि 'थंडी कमी झाली' यापलीकडे गेलं नव्हतं.

मेव्हिसने फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुम्ही चुकून केलात फोन," ऑरेलिया म्हणाली.

"चुकून नाही. तुमचं नाव आहे ना पुस्तकात."

"पुस्तकात आहे हो. पण तुमच्यासारखं नाही आलं ते. आमच्या पणजोबांच्या वडिलांना, ते गुलाम असताना, मालकाने दिलं. त्याचं स्वतःचं होतं, ते गुरांवर डागावं तसं यांच्यावर डागलं. आमच्यात कुणी कापड तुडवलं नाही, बाई. ऊस तोडला."

मेव्हिसला हे ठाऊक असायला हवं होतं आणि तिने कधी विचार केला नव्हता. तिने पुस्तक मिटलं, पण बोट आत राहू दिलं.

"ते मला पुसता यायचं नाही," ती हळू म्हणाली. "तसं म्हणायचा मला हक्कही नाही. मी नाव बघून फोन केला, खरं. पण मागतेय ते नाव नाही. मला उद्या पाय हवेत."

ऑरेलियाने विचारलं, "किती वाजता?"

शनिवारी सकाळी आठला हौदांपाशी मेव्हिस धरून तेवीस वॉकर जमले. कुणी एकमेकांना ओळखत होते, कुणी एकाच गल्लीत राहून आडनाव सारखं आहे हे आजच पाहत होते. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पोटऱ्या गारठून तांबूस झालेल्या. स्टॅन्लीने हौदाच्या कडेवर बैठक मारली आणि एकुलता एक पाय आत सोडला. त्याने जाहीर विचारलं की जुनी पद्धत करायची तर लघवीची बादली कुठे आहे. मुख्याध्यापिकेने त्याला गप्प बसवलं. मेव्हिसने तळ शेवटचा पुसला, नळीतून वाफाळतं पाणी आलं, साबण पडला, आणि निळा ताका घड्या घालत घालत तिन्ही हौदांत सोडला गेला.

ऑरेलिया सर्वांत शेवटी आली. पांढरे बूट काढून तिने भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि मधल्या हौदात उतरली. बसच्या ड्रायव्हरने तिला हात दिला.

अर्धा तास झाला तरी मेळ बसेना. जो तो आपल्या चालीने तुडवत होता. कापड फिरत नव्हतं, पायांखाली गोळा होत होतं, आणि एका घडीवर मोड, म्हणजे पक्की सुरकुती, पडायला लागली होती. लोकर दाटताना मोड बसली की बसली. मग ती इस्त्रीने जात नाही, धुऊन जात नाही, शेवटपर्यंत कापडाच्या अंगावर राहते. मेव्हिसने सगळ्यांना थांबवलं, कमरेत वाकून मोड बोटांनी सोडवली. तिने सांगितलं, एकदम पाय पडायला हवेत. मग पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. एड्रियनने दोनदा घड्याळ बघितलं, आणि तिसऱ्यांदा बघून तो आत निघून गेला.

तेव्हा ऑरेलियाने गायला सुरुवात केली.

चॅपेलातलंच गाणं, सगळ्यांना पाठ असलेलं. पण रविवारी म्हणतात त्याच्या निम्म्या लयीत, खालच्या सुरात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी जोर डाव्या पायावर. ती कुणाकडे पाहत नव्हती. तिच्या हौदातले आठ जण नकळत तिच्या पायाला पाय जुळवू लागले. मग पलीकडच्या हौदात. स्टॅन्लीने काठीने दगडावर ठेका धरला. कापड पायांखालून सरकलं, वळलं, पुन्हा वर आलं. मेव्हिसने त्याची कड धरून पाहिली आणि स्वतःचे बूट काढले.

दुपार झाली तरी ते चालूच होतं. मुख्याध्यापिकेचे गुडघे दुखायचे राहिले नव्हते, पण ती विसरली होती. कुणाच्या तरी बायकोने चहा आणि मटण भरलेले गरम पॅटिस आणले, ते उभ्याउभ्याच खाल्ले. गाणं संपलं की दुसरं लागे. तिसऱ्या प्रहराला एड्रियनने मोजपट्टी लावली आणि त्याचा आवाज चढला. अठ्ठावन्न. अजून दोन इंच, एका तासाचं काम. सगळ्यांना आता जोर आला होता, कुणालाच थांबायचं नव्हतं.

मेव्हिसने कापड दोन बोटांत धरलं, अंगठ्याने चोळलं, कानाशी नेऊन दुमडलं.

"बास," ती म्हणाली.

"मेव्हिस, दोन इंच राहिलेत."

"धुताना एक घेईल, वाळताना एक. आता पुढे गेलं तर परत येत नाही रे. पायांनी दाटलेलं हे. तुझ्या यंत्राचा हिशोब याला लागायचा नाही."

"आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"तर सोमवारी तूच सांग त्यांना, बाईने चूक केली म्हणून." तिने हौदातून पाय काढला. "बास म्हणजे बास. बाहेर या सगळे."

माणसं बाहेर आली. पायांची कातडी पांढरी होऊन सुरकुतली होती, आणि टाचांत निळा रंग भरला होता. तो पुढचे चार दिवस गेला नाही. ओव्हरडेनमध्ये त्या आठवड्यात मोजा न घालता हिंडायची चढाओढच लागली होती.

सोमवारी पेलहॅम आले. उंच, वाळके, फार न बोलणारे. ताका दांडीवरून खिडकीच्या उजेडात ओढला गेला आणि ते एकेक वार हाताखालून घालत गेले. मेव्हिस भिंतीशी उभी होती. एड्रियनने मोजपट्टी खिशातून काढली नव्हती. सकाळपासून त्याला धीरच झाला नव्हता. पेलहॅमनी स्वतःची काढली. छप्पन्न. मधे छप्पन्न, शेवटी छप्पन्न. त्यांनी कोपरा मुठीत चुरगळला, सोडला, आणि तो सावकाश उघडत गेला तसं पाहत राहिले.

"असा पोत माझ्या हाताला वीस वर्षांत लागला नाही," ते म्हणाले. "यंत्र कुठलं तुमचं?"

एड्रियनने मेव्हिसकडे पाहिलं.

"सत्तेचाळीस पायांचं, साहेब," ती म्हणाली. "चोवीस माणसं. एकाचा एकच आहे."

पेलहॅमना वाटलं इथली काहीतरी थट्टा असेल. मग त्यांची नजर तिच्या बुटांतून डोकावणाऱ्या निळ्या टाचांकडे गेली. शेजारी एड्रियन टोपीत तोंड लपवून हसत होता, की रडत होता, ते त्या दिवशी कुणाला सांगता आलं नाही. पाच वर्षांचा करार तिथेच, ताक्यावर कागद टेकून, सही झाला. स्टॅन्लीने दुकानाच्या काचेवर सबंध आठवडाभर पाटी लावली होती: आज वॉकर सोडून कुणालाही मटण पूर्ण भावाने मिळेल. गावातल्या तीन घरांनी हरकत घेतली. बाकीचे सगळे वॉकर होते.

मंगळवारी मेव्हिस नेहमीच्या वेळी निघाली. रात्री वारा सुटला होता, ओढ्याकाठच्या झाडांनी उरलासुरला पाला टाकला असणार. फडकं खिशात होतं.

तिन्ही हौद पुसलेले होते.

मोरीतून पाणी मोकळं वाहत होतं. मेव्हिस पाला नेहमी डाव्या हाताला, भिंतीशी लोटायची. आज तो उजव्या हाताला, बस थांबते त्या बाजूला, नीट रचून ठेवलेला होता.

तिने थांब्याकडे एकदा पाहिलं. मग फडकं पाण्यात बुडवून तिने हौदाची एक कोरडी कड पुसली, तेवढा नेम पुरा केला, आणि कामावर गेली.