जपून ठेवलेला चार्जर

मी चार्जर बोलतोय. असातसा नव्हे, कंपनीचा. ही बढाई माझी नाही. आमच्या म्हाळसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी हीच ओळख सांगायच्या, आणि त्या ओळखीपायीच माझी भर उमेदीची दोन वर्षं कपाटात गेली.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आम्ही हजारो भावंडं पट्ट्यावरून सरकत होतो, कुणीतरी माझ्या पाठीवर बारीक अक्षरं छापली आणि एका फोनशेजारी खोक्यात निजवलं. डोळे उघडले ते थेट सोलापुरात, नवी पेठेतल्या एका दुकानात. समोर फेटा बांधलेले बिरप्पा आणि त्यांची लेक सुकन्या उभे होते. बिरप्पा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेरगावी असतात. बायको-लेकीचं तोंड बघायला मिळावं म्हणून त्यांनी घरच्यासाठी हा फोन घेतला. संध्याकाळी आम्ही एस.टी.नं मंगळवेढ्याजवळच्या त्यांच्या गावी पोचलो.

घरी फोनला हळदकुंकू लागलं, मलाही लागलं. म्हटलं, चला, आता कामाला लागायचं. तेवढ्यात बिरप्पांच्या बायकोनं, म्हणजे म्हाळसाबाईंनी, मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि सुकन्येला म्हणाल्या, "ह्ये कंपनीचं हाय. रोज वापरून वाटोळं करू नगंस. जपून ठिवू."

झालं. मी परत खोक्यात आणि खोकं कपाटात.

कपाटातली वस्ती मोठी मानाची होती. कागदी पट्टीसकट ठेवलेली नवी चादर, चिकटवलेला कागद अजून न निघालेला स्टीलचा डबा, पाहुण्यांसाठी राखलेला काचेच्या कपांचा सेट. पाहुणे येत, पण कप कधी बाहेर पडत नसत, फुटतील म्हणून. त्या कपांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "किती वर्षांच्या तयारीनं आलास?" मला वाटलं, चेष्टा करतायत. पुढे माझी वॉरंटी त्यांच्या शेजारी पडल्यापडल्याच संपली, तेव्हा कळलं की ते अगदी मनापासून विचारत होते.

माझ्या जागेवर आठवडी बाजारातला एक पांढरा चार्जर लागला. मी त्याला नावं ठेवणार नाही. तो जुन्या बटणाच्या फोनसाठी जन्मलेला, अंगात ताकद ती केवढी. एवढ्या मोठ्या फोनचं पोट भरता भरता त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. दिवसभर लावून ठेवला तरी फोन अर्धाच भरायचा, म्हणून वायर लावूनच बोलायची सवय पडली. आणि वायर लावली की फोनचा पडदा आपोआप नाचायला लागायचा. बोट लावावं एकीकडे, उघडावं भलतंच.

सुकन्या बारावीला होती, हुशार होती. ती कितीदा म्हणाली, "आई, कपाटातला काढ की गं." पण घरच्या पोरीचं ऐकलं तर आई कसली? म्हाळसाबाईंनी फोनची दृष्ट काढली आणि मागच्या कव्हरात काळा दोरा सरकवला. पडदा नाचतच राहिला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी जात होतं. मग कडक भाकरीचं प्रकरण आलं.

म्हाळसाबाईंच्या बचत गटात बारा बायका. मंगळवेढ्याची ज्वारी आणि म्हाळसाबाईंचा हात. भाकरी पातळ, पापडासारखी कडक, महिनाभर टिकणारी. आजवर त्या ओळखीपाळखीत विकायच्या आणि एरवी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. सोलापुरातल्या रेश्मा मॅडम गावोगावच्या भाकरी गोळा करून दुकानातून विकतात. त्यांना नमुना आवडला. टेंपो पाठवायच्या आधी त्यांना फोनवर चूल, जागा आणि भाकरी डोळ्यांनी बघायची होती. ही ऑर्डर मिळाली तर बाराजणींचं उन्हातलं खुरपणं सुटणार होतं. मथुराबाई नावाच्या त्यांच्या जोडीदारणीनं तर खुरपं आधीच माळ्यावर टाकलं होतं.

पहिला फोन आला आणि तिसऱ्या मिनिटाला आपोआप कट झाला. दुसऱ्यांदा कॅमेरा छताकडे वळला, आवाज बंद पडला आणि पुन्हा कट. मॅडमना वाटलं, बाई मुद्दाम काहीतरी लपवतेय. त्यांनी निरोप टाकला, उद्या चार वाजता शेवटचं बघते, नाही जमलं तर शनिवारचा टेंपो दुसऱ्या गावाला जाईल.

त्या संध्याकाळी म्हाळसाबाई जेवल्या नाहीत. कपाटाला टेकून बसल्या होत्या, म्हणून मला त्यांचा आवाज स्पष्ट आला. "माज्यामुळं बाराजणींचं नुस्कान," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर होतो. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

सकाळी त्या फोन घेऊन मंगळवेढ्याला बसप्पांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तिथलं सगळं मला पुढे फोननंच सांगितलं. बसप्पांनी फोन तपासला आणि म्हणाले, "फोन झ्याक हाय की, मावशी. चार्ज कशानं करताव?"

म्हाळसाबाईंनी पिशवीतून पांढरा चार्जर काढला. बसप्पांनी तो पालथा केला.

"पाठीवर काय लिवलंय वाचायचं असतंय. ह्येचा जोर लई कमी, आन्‌ करंट बी सरळ सोडत न्हाय. म्हून पडदा नाचतोय. फोनला झेपंल, फोनला कळंल असा पायजे. वायर बी तशीच पायजे. फोनसंगं आल्ता त्यो कुटं हाय?"

"कपाटात."

"बिगडला?"

"न्हाय वो. कंपनीचा हाय म्हून ठेवलाय."

बसप्पांनी पांढरा चार्जर परत त्यांच्या पिशवीत टाकला. मग म्हणाले, "मावशी, कपाटाला चार्जिंग लागतंय व्हय?"

पोरगी दोन वर्षं जे सांगत होती ते परक्यानं एकदा सांगितलं आणि पटलं. माणसांचं हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हाळसाबाई दोन वाजता घरी आल्या, तर गावात लाईट नव्हती. फोन चार टक्क्यांवर. गटातल्या बायका पदर खोचून अंगणात तयार. कपाट उघडलं, मला खोक्यातून काढलं, माझी वायर सरळ केली. ती बिचारी गुंडाळून गुंडाळून ताठ झाली होती. मला बोर्डाला लावलं आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघत बसल्या. काही उपयोग नसताना इतक्या लोकांनी बघणं फार अवघड असतं. अडीच वाजले, तीन वाजले. सुकन्या वायरमनला फोन लावायला शेजारी धावली, तर त्यांचाही फोन मेलेला.

साडेतीनला लाईट आली.

माझ्या पाठीवर तेहतीस वॅट लिहिलंय, पण तोवर एक वॅटसुद्धा मी कुणाला दिला नव्हता. जमेल का, ही धाकधूक मलाही होतीच. पण वायर फोनमध्ये शिरली आणि आम्ही एकमेकांना लगेच ओळखलं. त्यानं मागितलं, मी दिलं. पाच मिनिटांत तेरा. दहा मिनिटांत तेवीस. म्हाळसाबाई दर मिनिटाला आकडा बघायच्या आणि सुकन्या त्यांचा हात मागे ओढायची. चारला दोन मिनिटं कमी असताना अठ्ठावन्न झाले. वायर काढली. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोकळ्या फोनवर बोलणार होतं.

रेश्मा मॅडमचा चेहरा उमटला. म्हाळसाबाईंनी चूल दाखवली, परातीतलं पीठ दाखवलं, बायका दाखवल्या. पडदा जागचा हलला नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, भाकरी कडक आहे का?" म्हाळसाबाईंनी एक भाकरी फोनजवळ धरली आणि मोडली. कडकन आवाज झाला, मी बोर्डावर होतो तिथपर्यंत आला.

"शनिवारी टेंपो येतो," मॅडम म्हणाल्या.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मथुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हाळसाबाई माझ्याजवळ आल्या, पिठाचा हात माझ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "लई तापलायस की रं. बस जरा." आणि बटण बंद केलं. दोन वर्षांत माझी अशी विचारपूस कुणी केली नव्हती.

पण माणसाची सवय कुठली जायला? थोड्या वेळानं त्यांनी कोरड्या फडक्यानं बोर्डाची धूळ झटकली, त्यानंच मला पुसलं आणि खोकं उघडलं. "लई कामाचा हाय ह्यो. जपाय पायजे," असं म्हणत मला आत निजवलं. सुकन्या दारात उभी राहून बघत होती. दोन वर्षं बोलून थकली होती.

तेवढ्यात फोन वाजला. रेश्मा मॅडमच होत्या. एक सांगायचं राहिलं म्हणाल्या. गिऱ्हाइकांना भाकरी आवडली तर दर शनिवारी टेंपो येईल, आणि रोज संध्याकाळी त्या दिवशीची भाकरी फोनवर दाखवावी लागेल.

"रोज?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"रोज, ताई."

फोन ठेवून त्या खोकं हातात धरून उभ्या राहिल्या. कपाटाकडे पाहिलं, मग चुलीकडे. तव्यावर भाकरी होती आणि जाळ बसत चालला होता. त्यांनी मला बाहेर काढून सुकन्येच्या हातात दिलं. खोक्याचे दोन तुकडे केले आणि चुलीत सारले.

"जा, लाव त्येला," त्या लेकीला म्हणाल्या. "आता ठेवाय जागाच न्हाय ऱ्हायली."

माझं खोकं भसकन पेटलं. खोटं कशाला सांगू, मला आनंदानं रडू आलं.

त्याला आता पाच महिने झाले. चुलीपासून दूरच्या भिंतीवर माझी जागा ठरली आहे. अंगावर पीठ असतं, वायर मानेशी जरा सैल झालीय. कधीतरी मी जाणार, तेव्हा दुसरा आणताना पाठीवरचं वाचून आणा, एवढंच मागणं आहे. आणि आणलात की त्याच दिवशी लावा. बरं, आता थांबतो. चार वाजत आलेत आणि फोन वीस टक्क्यांवर आहे.