साडेपाचची बोट

रविवारी दुपारची कॉफी झाली की गेस्टहाउसमधले पाहुणे जेवणघरात जमतात आणि मी प्रत्येकाला त्याच्या आठवड्याच्या सहली कागदावर लिहून देतो. कोणती बोट, कुठे उतरायचं, डोंगरावरची खानावळ कोणत्या वारी बंद, ढग आले तर कुठून मागे फिरायचं. गेस्टहाउस माझ्या धाकट्या बहिणीचं, नोटबुर्गाचं, म्हणजे बुर्गीचं. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो तेव्हा तिने मला माळ्यावरची खोली दिली, त्याला अकरा वर्षं झाली. मला स्वयंपाक येत नाही, पाहुण्यांशी गप्पा मारता येत नाहीत, मी घातलेली चादर एका बाजूने नेहमी लोंबते. सहली आखणं एवढंच माझं त्या घरातलं काम. तेही गेलं तर तिथे कोण म्हणून राहायचं, याचं उत्तर मला कधी सापडलं नाही.

गेल्या वर्षी सरोवरापलीकडच्या मोठ्या हॉटेलने पाहुण्यांसाठी पत्रक छापलं. त्यात माझी धबधब्याची सहल होती, "इथे खाली बघू नका, डावीकडे बघा" या माझ्या वाक्यासकट. तेव्हापासून मी जपून असतो.

जुलैत लिंझ शहरातून वेन्डेलिन प्रांट्ल आले. साठीच्या आतले, एकटे, तीन आठवड्यांसाठी. पहिल्याच रविवारी त्यांनी खिशातून वही काढली.

"धक्क्यावरून वर जायला पायऱ्या किती?"

"छत्तीस."

"कठडा?"

"उजव्या हाताला आहे."

"आणि पहिला बाक किती मिनिटांवर?"

माणूस धडधाकट होता. त्याला बाक कशाला हवेत? असले प्रश्न चालणारा विचारत नाही, पत्रक छापणारा विचारतो. बुधवारी ते जंगलवाटेने जाऊन आलो म्हणाले. आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि संध्याकाळी दाराशी ठेवलेल्या त्यांच्या बुटांवर चिखलाचा ठिपकाही नव्हता. मी दोन्ही बूट उलटे करून पाहिले. कुणी पाहत नव्हतं, तरी कान तापले.

गुरुवारी सकाळी नाश्त्याला ते म्हणाले, "बुर्गी, लोणी दे जरा." मग घाईघाईने, "म्हणजे, द्या."

आमच्याकडे हजार मीटर उंचीच्या वर अनोळखी लोकही एकमेकांना अरे-तुरे करतात, मग मंत्री असो की गवळी. खाली उतरलं की पुन्हा अहो-जाहो. आमचं गाव सातशे वीस मीटरवर आहे. नुकत्याच आलेल्या पाहुण्याची जीभ अशी घसरते ती वर एकत्र बसल्यावरच. पण बुर्गीचा गुडघा अधू, ती वर जाणार कशी? एकच मार्ग होता, केबलकार. आणि केबलकारच्या वरच्या टोकाच्या खानावळीत हॉटेलवाल्यांच्या बैठका होतात, हे गावात कुणालाही माहीत आहे.

दुपारी ती काट्याने बटाटे कुस्करत होती तेव्हा मी विचारलं, "एवढ्यात वर गेली होतीस का कुठे?"

"मी? या गुडघ्याने? तू पाठीवर घेऊन चल, एगिड, मग जाते." ती हसली, पण बटाट्यांकडे बघत.

ती गेस्टहाउस विकणार. हॉटेलला माझ्या सहली हव्यात, आणि प्रांट्ल त्या एकेक करून घेऊन चाललेत. मी असाच काहीबाही जोडत बसतो हे मला ठाऊक आहे, पण या वेळी सगळं जुळत होतं.

पुढच्या रविवारी प्रांट्ल म्हणाले, "बुधवारी पलीकडच्या काठावर जावं म्हणतो. चॅपेलपर्यंत. चढ फार नाही ना?"

"नाही."

मी त्यांचा कागद लिहायला घेतला. पलीकडून परतीची शेवटची बोट चार पन्नासला सुटते. मी साडेपाच लिहिलं. हॉटेलच्या नव्या पत्रकात साडेपाच छापून आलं की चोर हातात. हा माणूस स्वतः जातच नाही, तेव्हा कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी कागद दिला. त्यांनी आभार मानले.

बुधवारी आमचं स्वयंपाकघर बंद असतं. बुर्गी सकाळीच दाताच्या डॉक्टरकडे म्हणून गेली. सव्वापाचला मी पुस्तक घेऊन धक्क्यावर बसलो. प्रांट्ल उतरणार नाहीत हे डोळ्यांनी बघायचं होतं; खरंच गेले असते तर तिथल्या पाटीवरची वेळ बघून याच बोटीने परतले असते. बोट लागली. ते नव्हतेच. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

बोटवाला कास्सियान बोट बांधत होता; पुस्तकांमुळे तो मला प्रोफेसर म्हणतो. "काय प्रोफेसर, बहिणीला घ्यायला आलास?"

"बुर्गी? ती डॉक्टरकडे गेलीय. दात."

"दात?" तो दोर हातात धरून हसायला लागला. "दहाच्या बोटीत चढली की ती, तुमच्या त्या लिंझच्या पाहुण्याबरोबर. गेल्या बुधवारीही होती. गाव बोलतंय, आणि तू पुस्तकं वाच."

"मग आत्ता आली का नाही?"

"मी काय सांगू? शिट्टी दिली, कुणी आलं नाही. कॉफी पीत बसले असतील. काठाने चालत येतील."

काठाने अकरा किलोमीटर, आणि मध्ये खडकाला लोखंडी शिड्या. त्या गुडघ्याने. मी पुस्तक मिटून उठलो.

"कास्सियान, परत जाऊ या."

"शेवटची फेरी झाली, प्रोफेसर."

"त्यांच्या कागदावर साडेपाच लिहिलंय."

"तुझ्या कागदावर? तू चुकलास?"

"चुकलो नाही. मुद्दाम लिहिलं."

त्याचं हसू थांबलं. तो त्याच्या छोट्या मोटरबोटीकडे गेला आणि मानेनेच मला बस म्हणाला. पाणी ओलांडेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पलीकडच्या धक्क्यावर बुर्गी सामानाच्या पिशवीवर बसली होती, एक बूट काढलेला, पाय लांब केलेला. प्रांट्ल वेळापत्रकाच्या पाटीपुढे माझा कागद धरून उभे होते.

"आलास!" बुर्गी म्हणाली. "बघ ना, हे केव्हाचे म्हणतायत की पाटीवर चार पन्नास आहे, पळू या. मी म्हटलं, पाटी जुनी असेल. एगिडने साडेपाच लिहिलंय म्हणजे साडेपाच. आम्ही चॅपेलशी निवांत बसलो."

प्रांट्ल ओशाळून म्हणाले, "तुमच्यापासून लपवायला नको होतं. बाक, पायऱ्या, सगळं हिच्यासाठीच विचारत होतो. बूटसुद्धा हीच घासून ठेवते, ऐकत नाही."

"ओळख कुठे झाली?" मी विचारलं.

"ऑक्टोबरात, चर्चच्या गायनमंडळाबरोबर केबलकारने वर गेले होते ना, तिथेच," बुर्गी म्हणाली. "ती सहल तूच आखली होतीस. तुला सांगणारच होते रे. पण तुझा पहिला प्रश्न असता, 'मग मी कुठे जाऊ?' त्याचं उत्तर तयार झालं की सांगणार होते."

ती अजूनही मी चुकलो असंच समजत होती. अकरा वर्षांत एकदा, म्हणून हसून सोडूनही दिलं असतं. कास्सियान पाण्याकडे बघत होता.

"पाटी बरोबर आहे," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं. हे हॉटेलचे हेर आहेत असं वाटलं, म्हणून खोटी वेळ लिहिली."

प्रांट्लना आधी हसू आलं, पण बुर्गीचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. तिने सावकाश बूट चढवला. मी हात पुढे केला, तिने प्रांट्लचा धरला.

अर्ध्या पाण्यात ती म्हणाली, "बाकीच्या पाहुण्यांच्या कागदांवर?"

"ते सगळे बरोबर आहेत."

"ते मी खरं कशावरून धरायचं, एगिड?"

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर माळ्यावरच्या खोलीबद्दल ती काही बोलली नाही. रविवारी कॉफी झाली, पाहुणे जमले, मी लिहायला बसलो. पहिला कागद पूर्ण झाला तसा तिने तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर कास्सियानला फोन लावला. वेळा एकेक करून मोठ्याने वाचल्या. मी पेन धरून थांबलो. पलीकडून तो बरोबर, बरोबर म्हणत होता, ते मला ऐकू येत होतं. तिने कागद पाहुण्याला दिला आणि पुढच्यासाठी हात पुढे केला.