नाव उतरवलेलं पोर

आमच्या राज्यात आजवर पाच राजे झाले आणि पाचही हाल्वारच. बंदरात उतरणारे परके खलाशी हसायचे, तुमच्याकडे नावांचा दुष्काळ पडलाय का म्हणून विचारायचे. आम्हाला त्यात काही नवल वाटत नसे. राजाच्या थोरल्या पोराचं नाव हाल्वारच ठेवायचं. तो गादीवर बसण्याआधीच मरायला टेकला, तर नाव जिवंतपणीच उतरवून पाठच्याला द्यायचं. मुकुट न बघता हे नाव मातीत गेलं तर राज्य बुडतं, अशी समजूत.

मी तोरा, थोरल्याची दाई. माझ्या दुधावर वाढलेला हाल्वार सहाव्या वर्षी तापानं फणफणला. त्यानं डोळे फिरवले तसा बिशप धावत आला. अजून धुगधुगी आहे, जरा थांबा, म्हणून मी पाया पडले. पण दाईचं ऐकतो कोण? त्यानं पोराच्या कपाळाला तेल लावलं, फडक्यानं पुसलं आणि तेच फडकं धाकट्या इंगेमारच्या कपाळावरून फिरवलं. धाकटा झाला हाल्वार, माझा झाला इंगेमार. आता खुशाल मर म्हणावं.

तो मेला नाही. ताप उतरला आणि पोरानं सातूची पेज मागितली. मी आनंदानं रडले. महालात मात्र सुतक आल्यासारखे चेहरे. दिलेलं नाव परत घेता येत नाही, आणि राज्यात दोन हाल्वार म्हणजे उद्या दोन फौजा. राणीचा भाऊ गुन्नुल्फ मला बाजूला घेऊन म्हणाला की इस्टरला तो पोराची परीक्षा बघेल. जुन्या नावाला पोरानं ओ दिली, तर समुद्र काही लांब नाही.

मग मी शिकवायला बसले. मागून ‘हाल्वार’ म्हणून हाक मारायची आणि तो वळला की थोबाडीत द्यायची. ज्या हातानं भरवलं त्याच हातानं.

“तोरामाय, पण मीच हाल्वार आहे ना गं?”

“नाहीस. तू इंगेमार. म्हण परत.”

तो म्हणायचा. मी चुलीपाशी जाऊन रडायचे आणि परत येऊन हाक मारायचे.

इस्टरला पोर अंगणात खडे मांडत बसलं होतं. गुन्नुल्फ मागून आला आणि किती गोड आवाज काढला मेल्यानं. “हाल्वार, बाळा, बघ, तुझ्यासाठी तट्टू आणलंय.”

माझा जीव टांगणीला लागला. पोराचा हात थांबलासुद्धा नाही. धाकटा तेवढा धावत गेला. गुन्नुल्फनं त्याला तट्टूवर बसवलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि लगाम धरून निघून गेला.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. मला राहवलं नाही. मी त्याला पोटाशी धरलं आणि कानात हळूच म्हटलं, “हाल्वार, जिंकलास रे सोन्या.”

त्यानं माझे हात सोडवले.

“हाल्वार तिकडे तट्टूवर आहे, बाई,” तो म्हणाला आणि पुढचा खडा मांडला.