पाठमोरी

सेविकेने आजोबांच्या डोक्यामागे पट्टा आवळला, डोळ्यांवरचा जाडजूड चष्मा नीट बसवला आणि कोमट पाण्याची बादली पलंगाजवळ ओढली.

“निघाली स्वारी घरी,” ती म्हणाली. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आजी हसल्या नाहीत. विनोद रोजचाच होता.

चष्म्यात त्यांचं जुनं स्वयंपाकघर होतं. घर विकण्याआधी मुलाने जेवणाच्या टेबलावर कॅमेरा ठेवून ते टिपलं होतं. मान वळवावी तिकडे घर दिसे: खिडकी, फडताळ, ओट्याशी उभ्या आजी. वृद्धाश्रमात आल्यापासून आजोबा अंग पुसू देत नसत, हात उगारत. चष्मा लावला की मात्र गरीब गाय.

पण काही दिवसांपासून ते चष्म्यातल्या आजींना हाका मारू लागले होते. ओ आली नाही की रडकुंडीला येत, चष्मा ओरबाडत. आजी पुढे झाल्या तर म्हणत, बाई, तुम्ही नको, आमची ही आत आहे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, असंच चाललं तर चष्मा बंद आणि पुन्हा गुंगीचं इंजेक्शन. त्या इंजेक्शननंतर आजोबा दिवसभर ओंडक्यासारखे पडून असत.

आदल्या दुपारी ते झोपल्यावर आजींनी चष्मा स्वतः लावून पाहिला. भांडी विसळताना त्यांची पाठ, दूध तापवताना पाठ. कॅमेऱ्याकडे बघू नकोस, असं मुलाने बजावलं होतं आणि त्यांनी ते इमानेइतबारे पाळलं होतं. एकदाही वळल्या नव्हत्या. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आई, आता परत कुठे टिपणार, ते घर राहिलंय का आपलं?

“अगं,” आजोबांनी हाक मारली.

सेविकेचा हात थबकला. तिने आजींकडे पाहिलं.

आजी गुडघ्यावर हात रोवून उठल्या. आजोबांजवळ गेल्या नाहीत. चष्म्यात ओटा होता त्या बाजूला, पलंगाच्या पायथ्याशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“काय हो?”



“काही नाही. आहेस ना, ते बघितलं.”

“जाते कुठे?”

“मग इकडे बघ की जरा.”

भिंतीचा रंग एका जागी पोपडा धरून सुटला होता. आजींनी तो नखाने उचकटला. मान अर्धी वळली आणि परत जागेवर आली.

“दूध ठेवलंय. उतू जाईल.”

“बरं बरं. आधी दूध बघ.”

मागे फडकं पिळल्याचा आवाज आला. आजोबांनी आपणहून हात पुढे केला असावा, कारण सेविका पुटपुटली, शहाणे आहेत आज. मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, “झालं आजी. बसा आता, पाय दुखतील.”

आजी उभ्याच राहिल्या. चष्म्यातलं दूध अजून वर यायचं होतं.