भाताने चिकटवलेलं नाव

मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी पार वैतागले आहे. माझ्या पोटावर इतक्या वेळा नाव डकवलं गेलं आणि इतक्या वेळा खरवडलं गेलं, की दुसऱ्या कुणाची कातडी सोलवटून निघाली असती. काचेची म्हणून टिकले.

माझा जन्म सायगॉनच्या एका काचभट्टीतला. पहिली काही वर्षं माझ्यात खोकल्याचं औषध होतं. ते संपल्यावर समुद्राजवळच्या बेन त्रे गावातल्या शाळेच्या थोआबाईंनी मला उकळत्या पाण्यात धुतलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेत आणलं. त्यांना तपकिरीच बाटली हवी होती, कारण जे द्रावण त्या माझ्यात भरणार होत्या ते उजेड लागला की काळं पडून नासतं. तुम्ही त्याला सिल्व्हर नायट्रेट म्हणता. बाईंनी कागदावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'बाक नित्रात'. बाक म्हणजे आमच्याकडे चांदी. कागद माझ्या पोटावर चिकटवला तो डब्यातल्या चार गार भाताच्या शितांनी. आमच्याकडे डिंकासाठी कोण पैसे घालवतं!

नाव ठेवायची रीत बाई मुलांना एका दमात सांगत. "घरी जेवायला बोलावताना आधी कुणाला हाक मारता? आजोबांना. मग बाकीच्यांना. तसा आधी धन आयन, मग ऋण आयन. चांदी आधी, नित्रात मागून." माझ्या शेजारी लोखंडाच्या क्षाराची बाटली होती. लोखंडाचे आयन दोन तऱ्हांचे, कुणावर दोन धनप्रभार, कुणावर तीन, म्हणून तिच्या नावात तो आकडा घालावाच लागे. माझ्या चांदीवर एकच धनप्रभार. माझं नाव सुटसुटीत होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

ते माझे चांगले दिवस होते. मिठाच्या पाण्यात माझा एक थेंब पडला की दह्यासारखा पांढरा साका धरायचा आणि मुलं एका सुरात ओरडायची. बाईंच्या बोटांवर माझे काळे डाग पडले होते. साबणाने घासून ते जात नसत. बाजारात कोळणी त्यांना म्हणायच्या, "बाई, सुपारी खाता की शाई पिता?" आणि बाई खो खो हसायच्या.

एका गोष्टीचा मात्र मला तेव्हापासून संताप आहे. आमच्या परीक्षांत एक प्रश्न हटकून असतो: 'चार बाटल्यांची लेबलं हरवली आहेत, कोणत्या बाटलीत काय आहे ते ओळखा.' अहो, दरवर्षी हरवतात कशी? कुणी जपून का ठेवत नाही? आमच्या कपाटावर तर नियमच होता, की ज्या बाटलीला नाव नाही तिच्यातलं द्रावण मागच्या खड्ड्यात ओतायचं आणि बाटली भंगारात द्यायची. म्हणून नावाला मी जिवापाड जपत होते.

मग नवी पुस्तकं आली आणि सगळी नावं बदलली. जुनी नावं रद्द, इंग्रजी नावं सुरू. पाठोपाठ खिएम नावाचे तरुण सर आले. ते डोंगराळ भागातून, दालातहून आलेले. हाडाचे शिस्तप्रिय. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पोटावर नवा कागद लावला, 'सिल्व्हर नायट्रेट'. दुपारी थोआबाईंनी तो काढून आपला लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरांचा. मला कुणी विचारलंही नाही.

"ताई, तुमच्या 'नात्री'पायी पोरांचे मार्क जातात हो," खिएमसर म्हणायचे. "पुस्तकात सोडियम आहे."

"अरे, नात्री म्हटलं की Na आपोआप आठवतं. तुझ्या सोडियममध्ये ते कुठे बसलंय, दाखव बरं मला."

"मी नाही ठरवलं ते!"

"मग माझ्या बाटल्यांना हात लावू नकोस."

मुलांचे हाल तर विचारू नका. जुनं नाव लिहिलं तर सर लाल रेघ मारायचे, नवं लिहिलं तर बाई सुस्कारा सोडायच्या. आणि दोघांच्या भांडणात आत काय आहे याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आत तेच होतं, मित्रांनो. तीच चांदी, तोच एक धनप्रभार.

एका शनिवारी खिएमसरांची गोंदाची बाटली संपली. भाताने लेबल चिकटवण्याला ते आजवर हसत आले होते. पण त्या दिवशी हातात न्याहारीचा चिकट भात होता, केळीच्या पानातला, नारळाच्या दुधात शिजवलेला, वर साखर भुरभुरलेला. सरांनी तोच घेतला. त्याने माझ्यावर आपला कागद डकवला, आणि माझ्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या तपकिरी बाटलीवरही. तिच्यात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

रविवारभर मुंग्यांनी मेजवानी झोडली. झुरळंही पंगतीला आली. सोमवारी आम्हा दोघींच्या अंगावर अक्षरसुद्धा शिल्लक नव्हतं. मुंग्या झाडता झाडता हेडसरांनी कपाट रिकामं केलं आणि आमच्या जागाही उलटसुलट झाल्या.

"नाव नाही? ओता खड्ड्यात," हेडसर म्हणाले.

"सर, यातल्या एकीत चांदी आहे!" थोआबाई कळवळल्या. "बुधवारी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, आणि नवा साठा पुढच्या सत्राशिवाय मिळत नाही."

"मग कोणतीत ते सांगा. घंटा होईपर्यंत थांबतो. उद्या तपासणी आहे, मला बिननावाचं काही नको."

बाई आणि खिएमसर बाहेर खड्ड्याकडे पाहत होते, आणि मी त्या दोघांकडे. इतकी वर्षं परीक्षेत ज्या प्रश्नाचा राग केला, तो माझ्याच वाट्याला आला होता.

"ताई, चुकलो मी," खिएमसर पुटपुटले. "मिठाचं पाणी करू, लगेच कळेल." त्यांनी मिठाची बरणी उघडली. ती रिकामी! कैरीला लावायला मुलांनी चाटूनपुसून संपवली होती. सर डोकं धरून बसले.

"अरे डोंगरातल्या पोरा, नळ सोड."

"नळाचं पाणी? प्रयोगशाळेत शुद्ध पाणीच..."

"महिनाभर समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढलंय, तेच नळाला येतंय. माझा चहासुद्धा खारट लागतोय, आणि तू मीठ शोधत बसलायस?"

सरांनी दोन परीक्षानळ्यांत नळाचं पाणी घेतलं. बाईंनी आधी दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकला. काहीच झालं नाही. मग माझा. थेंब पडला तिथून पाणी दुधासारखं पांढरं होत गेलं. खिएमसरांनी ती नळी खिडकीपाशी उन्हात धरली, आणि थोड्या वेळात तो पांढरेपणा जांभळट पडला.

"चांदीच," सर म्हणाले.

"बाक," बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसायला लागले. घंटा झाली तेव्हा हेडसर दारातून आल्या पावली परतले.

सरांनी पत्र्याच्या पाट्या रंगवायचा पांढरा रंग आणि बारीक कुंचला आणला. आता दोन्ही नावं लिहायची ठरली. तर त्यात वर कुणाचं, यावरून पुन्हा जुंपली! मी कपाळाला हात लावला असता, पण बाटलीला कुठला हात. शेवटी थोआबाई थांबल्या. आपल्या काळ्या बोटांकडे पाहत म्हणाल्या, "तुझं वर लिही. मुलांना पुढे तेच लागणार आहे. माझं मी खाली लिहिते, असू दे मी आहे तोवर."

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप घेताना त्यांनी मला उजेडातून उचलून कपाटात मागे सरकवलं. मला फार वाईट वाटलं.

बाटली धरताना बोटं नेमकी खालच्या ओळीवर पडतात. वर्षभरात बाईंचं नाव पुसट झालं. आता ते कुणी खरवडायचीही गरज नव्हती. पण एका सकाळी खिएमसरांनी मला खिडकीपाशी नेलं, कुंचला घेतला आणि खालच्या ओळीतलं एकेक अक्षर सावकाश गिरवलं, बाईंच्याच वळणात. तेव्हा मला दिसलं, त्यांच्याही बोटांवर माझे काळे डाग पडले होते.

म्हणून मित्रांनो, नावावरून भांडायचं तर खुशाल भांडा. पण आधी आत काय आहे ते नीट ओळखा, दुसऱ्याने लिहिलेलं खरवडू नका, आणि काहीही झालं तरी लेबल न्याहारीच्या भाताने चिकटवू नका.