अंबाजीची तालीम

“ठेव, ठेव खाली! कंबर मोडून घ्यायलास का रे?” बसवंतप्पा कुंपणापलीकडून ओरडले.

अंबाजीनं जवारीचं पोतं सोडलं. ते मुळात उचललंच गेलं नव्हतं, त्यामुळं सोडायला फार त्रास पडला नाही. अंबाजी बिदरजवळच्या कमठाण्याचा टेलर. मशीन चालवून चालवून अंगातली सगळी ताकद पोटऱ्यांत उतरलेली. दंडांच्या वाट्याला काही उरलं नव्हतं.

बसवंतप्पांनी तरुणपणी कुस्त्या मारल्या होत्या. “एकदम उचलत्यात व्हय? निम्मं पोतं घे. गुडघ्यात वाक, पाठ सरळ. रोज सकाळी. बाजाराच्या दिवशी शेरभर वाढव. पर खाडा न्हाई करायचा. मारुतीपुढचा दगडी गुंडा मी असाच उचलला.”

त्या गुंड्याला अंबाजीच्या वस्तीला शिवू देत नसत. पुढं वस्ती बौद्ध झाली, मारुतीच उरला नाही. दोन्हीकडून सोय झाली.

“पर ह्या वयात पैलवान कामून व्हायलास?”

“सरूला उचलायचंय, अप्पा.”

सरुबाई म्हणजे अंबाजीची बायको, वस्तीतली सगळ्यात थोराड बाई. पावसाळ्यात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा चौघांनी बाजेसकट खांद्यावर घेऊन तिला थांब्यावर नेलं होतं. बिदरच्या बसच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खाली उतरून हात जोडले. बाजेवरून सरुबाईनंही उजवा हात उचलून उलट नमस्कार केला. ड्रायव्हर परत गाडीत चढायला तयार होईना.

वस्ती पोट धरून हसली. सरुबाई हसली नाही. दवाखान्यातून आल्यावर म्हणाली, “आता चौघांनी उचलायचं ते मेल्यावरच. बाहीर न्यायचं तर तुमी एकट्यानं न्या. न्हाईतर हितंच पडते.” आणि जिथं दुपारीही चिमणी लावावी लागे, त्या आतल्या खोलीत ती पडून राहिली.

अंबाजीनं खाडा केला नाही. महिन्याभरात पोतं खांद्यावर खेळायला लागलं. तो शेर वाढवत गेला, तरी ते हलकंच. स्वैपाकाला येऊन राहिलेल्या बहिणीला, विमलबाईला, तो दंड दाखवून म्हणाला, “बघ. अंग तयार व्हायलंय.”

“दादा,” विमलबाई परातीवरून मान न उचलता म्हणाली, “भाकरी कशाच्या खायलास?”

महिनाभर त्यानं आपली तालीम खाऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोत्यात ओढ्याची वाळू भरली. वाळू कोणी दळत नाही. पुन्हा पहिल्यापासून: थोडकं वजन, सरळ पाठ, बाजाराच्या बाजाराला शेरभर. त्या साली म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं; सरुबाईच्या डाव्या अंगाला फरक पडला नाही. ऊन तापायला लागलं तेव्हा, अंदाजानं सरुबाईएवढी वाळू अंबाजी छातीपर्यंत उचलायला लागला.

“आता ने तिला,” बसवंतप्पा म्हणाले.

खोलीत जाऊन अंबाजी गुडघ्यात वाकला. एक हात मानेखाली, एक मांड्यांखाली. सवयीचा सगळा जोर लावला, आणि तोल जाऊन भिंतीवर आपटता आपटता राहिला.

गोधडीत फारसं कोणी नव्हतंच. भरवणं, पुसणं, कूस बदलणं विमलबाई करायची. सरुबाई वाळत चालल्याचं तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. सकाळी त्याला व्यायाम असायचा.

“झेपतंय का?” सरुबाईनं विचारलं. “लई जड हाय मी.”

“जडच… हायस,” अंबाजी कण्हत म्हणाला. उंबऱ्यावर थांबला. चौकटीला टेकून हाशहुश केलं.

“ठिवा खाली. दमलाव तुमी.”

“थांब गं. दम तर घिऊ दे.”

बाहेर लख्ख ऊन होतं. निंबाखाली बाज टाकून विमलबाई तोंडाला पदर लावून उभी होती. अंबाजी तिच्याकडं न बघता, पाय घासत, अंगणाला लांबचा वळसा घालून निघाला, आणि दर दोन-चार पावलांवर थांबून न लागलेला दम टाकत राहिला.